वजन करणाऱ्याची सही

सोमवारी सकाळी शेतमालक शेडच्या दारात येऊन उभा राहिला आणि चपला न काढताच म्हणाला, "फिटर, पुढच्या सोमवारी शेडमागच्या रानात नांगर घालतोय. तोवर काय उडवायचं ते उडवून घ्या."

नवरा विमानाच्या पोटाखाली उताणा पडला होता. दोन पाय तेवढे बाहेर. ते पाय हलायचे थांबले.

"महिनाअखेर म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. ट्रॅक्टरवाल्याला सवड सोमवारचीच आहे. आता तुमच्या पाखरासाठी मी काय पेरणी सोडून देऊ?"

"शनिवारी तपासनीस येणार आहेत. रविवारी उडालं तर उडालं."

"मग झालं तर," शेतमालक म्हणाला आणि जाताजाता माझ्याकडे बघून हसला. "वहिनी, यांना एकदा सांगा, पंप दुरुस्त करणाऱ्यानं जमिनीखाली बघावं. वर काय ठेवलंय?"

मी शिवायला आलेल्या गणवेशाच्या बाहीला दोरे घालत होते. मी म्हटलं, "सांगून सात वर्षं झाली, भाऊ. तुम्हीच सांगून बघा."

सात वर्षं म्हणजे खरोखर सात. माझा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करतो, म्हणून सगळे त्याला फिटर म्हणतात. कुठून तरी त्यानं एकाच माणसानं बसायच्या विमानाचे नकाशे मागवले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नळ्या कापायला बसला. आधी लोक हसले, मग बघायला येऊ लागले, मग कंटाळले. मीही हसले, कंटाळले, आणि शेवटी पंखांचं कापड शिवायला बसले. इतक्या लांब बाह्यांचा सदरा मी जन्मात शिवला नव्हता. एका पंखाला तीन दिवस नुसते टाके घालत होते. बोटं सुजली तेव्हा नवरा म्हणाला, "यातला एक टाका जरी सुटला तरी मी खाली येईन, हं." हे त्यानं मला धीर देण्यासाठी सांगितलं होतं म्हणे.

आता विमान उभं होतं. उरला होता कागद. सात पानांचा अर्ज, आणि त्यात सगळा जीव एका आकड्यात अडकलेला: अडीचशे किलो. रिकामं विमान अडीचशेच्या आत असेल तर ते हलक्या वर्गात. एक तपासणी, एक शिक्का, की उडवायला मोकळे. वर गेलं की भारी वर्ग. मग प्रत्येक जोडाचं गणित, इंजिनिअरच्या सह्या, कारखान्याचे दाखले. पंपवाल्याला ते या जन्मी जमणारं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तपासनीस आमच्या बाजूला वर्षातून एकदाच यायचा.

वजनाचं काम घरातलंच होतं. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, चाळीस वर्षं धान्यबाजारात मापाडी होते. पोतं काट्यावर चढवायचं, वजन ओरडायचं, पावतीवर लिहायचं. त्यांचा परवाना अजून चालू होता आणि अर्जात तर रकानाच होता: 'वजन करणाऱ्याची सही'. मागच्या महिन्यात मामांनी आपला काटा घासूनपुसून काढला, तिन्ही चाकांखाली पाळीपाळीनं लावला. डावं चाक एकशे पंधरा. उजवं एकशे साडेचौदा. शेपटीचं साडेएकोणीस. दोनशे एकोणपन्नास! नवऱ्यानं माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. मामांनी वळणदार सही केली आणि अर्ज गेला.

मंगळवारी पत्र आलं. 'सुट्या भागांच्या वजनाची यादी जोडलेली नाही. तपासणीच्या दिवशी तयार ठेवावी.'

"त्यात काय," मामा म्हणाले. "आणा एकेक."

पुढच्या खोलीत काटा मांडला. नवरा शेडमधून एकेक वस्तू आणायचा, मामा काट्यावर ठेवायचे, डोळे बारीक करून आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि वहीत लिहायचे. चाळीस वर्षांची सवय, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मी बाजूला मशीनवर होते.

"टाकी, चार दोनशे!" मामा ओरडले.

मी सहज वहीकडे बघितलं. वहीत लिहिलं होतं: टाकी, ३.२.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"बॅटरी, पाच किलो!"

वहीत ४.

मी मशीनवरचा पाय काढला. चिंध्या मी वजनावर विकत घेते, त्यामुळे माझ्याकडे हुकाचा छोटा काटा असतो. मी उठून टाकी त्याला अडकवली. चार किलो दोनशे.

"मामा, टाकी किती म्हणालात?"

"चार दोनशे. बहिरी झालीस का?"

"मग तीन दोनशे का लिहिलंत?"

मामा चिडले. काट्यावर कोणी संशय घेतला की ते आजही लाल होतात. "माझा काटा आजवर..." असं म्हणत त्यांनी वही जवळ ओढली, चष्मा वर केला, खाली केला. मग बोट वहीवर तसंच राहिलं. नवरा हातात चाकाचं झाकण घेऊन दारात उभा होता.

"काय झालं?"

"कडता," मामा हळू आवाजात म्हणाले. "कडता धरला गेला."

बाजारात प्रत्येक पोत्यामागे एक किलो वजा करून लिहायची रीत होती. पोत्याचं वजन, मातीखडे, ओलावा, असं काहीबाही सांगून. तो कडता. व्यापाऱ्याचा हक्क म्हणायचे त्याला. वजन खरं ओरडायचं आणि लिहिताना हातानं एक किलो खायचा. तोंड एक बोलायचं, हात दुसरं लिहायचा, आणि चाळीस वर्षांत दोघांची ओळख करून द्यायची वेळच आली नव्हती.

नवऱ्यानं झाकण खाली ठेवलं. "बाबा, विमानाचं वजन केलंत तेव्हा?"

तीन चाकं, तीन वजनं. तीन किलो.

ते दोघे तसे असताना माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच उभं राहिलं. माझा बाप त्याच बाजारात धान्य न्यायचा. घरी आई पन्नास किलोचं पोतं भरायची, पावतीवर एकोणपन्नास यायचे. दरवेळी. आईला वाटायचं, पोती फाटकी आहेत, वाटेत धान्य सांडतं. म्हणून ती आदल्या दिवशी पोतं न् पोतं उन्हात धरून भोकं शोधायची आणि ठिगळं लावायची. मी शिवण तिथं शिकले. भोक नसलेल्या पोत्यांना ठिगळं लावत. मग माझं लग्न मापाड्याच्या घरात झालं आणि कडता हा शब्द मी या घरात पहिल्यांदा ऐकला. तेव्हा आई गेलेली होती. कोणाला सांगणार? मी मशीनवर जाऊन बसले आणि बाही उलटी जोडली.

दुपारी विमानाचं पुन्हा वजन झालं. या खेपेला नवरा म्हणाला, "बाबा, तुम्ही बघा फक्त. लिहील ती."

मामांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. ते काट्यावर वाकायचे, आकडा सांगायचे, नवरा मागून वाकून तोच आकडा पुन्हा बघायचा आणि मग मला मान हलवायचा. हे सगळं मामांच्या खांद्यावरून चाललं होतं. त्यांची मान लालेलाल झाली होती, आणि मला त्यांची कीवही आली आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं सांगते.

दोनशे बावन्न.

नवरा शेडच्या बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. वाऱ्यानं छपराचा एक पत्रा वाजत होता. त्यानं शिडी लावून त्याला खिळा ठोकला, खाली उतरला आणि म्हणाला, "चार दिवस आहेत. दोन किलो उतरवायचे. कोणाला काही सांगायचं नाही."

"अर्जात एकोणपन्नास गेलंय," मामा म्हणाले.

"पन्नासच्या आत आलं म्हणजे झालं. किलोभर इकडेतिकडे कोण बघतंय?"

चार दिवस घरात कोणी धड बसून जेवलं नाही. चाकांवरची झाकणं गेली, सातशे ग्रॅम. पायाखालची फळी काढून पातळ फळी बसवली, पाचशे. लोखंडी पत्र्यावर वेगाची, उंचीची घड्याळं बसवली होती, तो पत्रा काढून ॲल्युमिनिअमचा लावला. त्यासाठी नवरा दोनदा पत्रेवाल्याकडे गेला. पत्रेवाला म्हणाला, "फिटर, त्यापेक्षा तू स्वतःच जेवण कमी कर." सगळे हसले, नवराही हसला, आणि येताना वाटेत एकटाच त्याला शिव्या घालत आला. विमान रिकामं तोलतात, फिटरला वगळून, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

गुरुवारी मी विमानातल्या बैठकीची गादी उसवली. आतला भुसा काढून कापडाचे नुसते तीन थर घातले. नवरा बसून बघत म्हणाला, "टोचतंय."

"टोचू दे. वर गेल्यावर आठवण राहील माझी."

"तुझी आठवण खालीही टोचतेच की."

चार दिवसांत तेवढंच एकदा तो हसला. शुक्रवारी तो बोल्टांची जास्तीची टोकं कापत होता. प्रत्येक टोक करंगळीच्या नखाएवढं. ती डब्यात साठवून माझ्या काट्याला लावायचा. दीडशे ग्रॅम भरले तेव्हा त्याच्या तळहाताला दोन फोड आले होते. मी म्हटलं, "पंखांवरच्या पट्ट्या मी दुहेरी लावल्यात. एकेरी केल्या तर..."

"त्यांना हात लावायचा नाही." तो इतक्या जोरात म्हणाला की मीच दचकले. मग हळू म्हणाला, "ते तेवढं असू दे."

मामा या सगळ्यात शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसून असायचे. कोणी त्यांना काही विचारत नव्हतं. मधेच उठायचे, विमानाच्या शेपटीला हात लावायचे, परत बसायचे. एकदा मला म्हणाले, "ही गाडी वर गेल्यावर जड झाली तर काय होतं गं?"

"मला काय माहीत, मामा. त्यांना विचारा."

त्यांनी विचारलं नाही. बापलेकांचं बोलणं मंगळवारपासून बंदच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं वजन झालं. दोनशे एकोणपन्नास किलो नऊशे. शंभर ग्रॅम हातात.

शनिवारी तपासनीस आली. बाई होती, पन्नाशीची, पायात धुळीनं माखलेले बूट आणि खांद्याला जड पिशवी. सकाळपासून दोन ठिकाणं करून आली होती. तिनं चहा घेतला, बसायला नको म्हणाली आणि कामाला लागली. प्रत्येक नळीला बोटानं टिचकी मारली. पंखाखाली वाकून माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. "कोणी शिवलं?"

"मी."

"छान आहे," ती म्हणाली. मला सात वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं.

मग तिनं पिशवीतून आपले तीन चपटे इलेक्ट्रॉनिक काटे काढले आणि चाकांखाली सरकवले. मामांना जवळ बोलावलं, कारण परवाना त्यांचा. तिन्ही आकड्यांची बेरीज झाली. २४९.९. नवऱ्यानं श्वास सोडला तो मला शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

"टाकी पूर्ण रिकामी केलीय?" बाईनं विचारलं.

"एक थेंब नाही."

"मग एक लिटर पेट्रोल घाला. टाकीच्या तळाशी जे उरतं, नळीपर्यंत पोचत नाही, ते रिकाम्या वजनात धरायचं असतं. अर्जाच्या पाचव्या पानावर खाली बारीक अक्षरात आहे."

नवऱ्यानं पाचवं पान काढलं. होतं. बारीक अक्षरात, पण होतं. आम्ही सगळ्यांनी तो कागद पन्नास वेळा वाचला होता, फक्त मोठी अक्षरं.

त्यानं एक लिटर ओतलं.

२५०.६.

बाईनं पेन कानामागं अडकवलं, शेडच्या दारापर्यंत गेली, मोकळ्या रानाकडे बघत उभी राहिली. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "परत यायला मला वर्ष लागेल. सहाशे ग्रॅमसाठी माणसाला वर्षभर बसवून ठेवायचं माझ्याही जिवावर येतं. आकडा आणि सही वजन करणाऱ्याची असते. तो लिहील त्याच्याखाली मी शिक्का मारते. पाचवं पान वाचायचं माझ्याकडून राहून गेलं असेल."

एवढं बोलून ती बाहेर जाऊन उभी राहिली.

नवऱ्यानं कागद मामांपुढे धरला. "बाबा, लिहा. एकोणपन्नास नऊशे."

मामांनी पेन काढलं, टोपण काढलं. काट्याकडे बघितलं, विमानाकडे बघितलं. लिहिलं नाही.

"बाबा."

"काट्यावर पन्नास सहाशे आहे."

"मला दिसतंय काय आहे ते! शहाणपणा नको आता. लिहा!"

"नाही लिहिणार."

नवऱ्याचा आवाज फुटला. मी लग्न झाल्यापासून त्याला वडिलांशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. "चाळीस वर्षं परक्यांसाठी कापलंत. रोज शंभर-शंभर पोत्यांत किलो किलो कापलंत, हाताला कळलंसुद्धा नाही. आणि आज पोटच्या पोरासाठी सहाशे ग्रॅम कापवत नाहीत? मी काय तुमचा कोणी नाही?"

"कोणी नाहीस म्हणून नव्हे," मामा म्हणाले. "पोत्यांत माणूस बसलेलं नव्हतं रे. यात तू बसणार."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. निघायला नको होतं असं अजूनही वाटत नाही.

"पोत्यामागे होतं की, मामा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे खाली केले नाहीत. इतकी वर्षं या घरात त्यांना जेवण वाढलं, औषधं दिली, कपडे शिवले, पण असं सरळ तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. त्यांना काय सांगायचंय ते मला माहीत होतं, रीत होती, सगळेच करायचे, मी नाही केलं तर दुसऱ्यानं केलं असतं. त्यातलं ते काहीच बोलले नाहीत.

"होतं," ते म्हणाले. "तुझा बाप रांगेत असायचा. मला माहीत होता तो. लग्न ठरायच्या आधीपासून."

"आई पोत्यांना ठिगळं लावायची."

"बघितलीत मी ती ठिगळं. चांगल्या पोत्याला ठिगळ का, असं वाटायचं मला. मग एक दिवस कळलं."

"आणि?"

"आणि काय? त्या दिवशीही एकोणपन्नासच लिहिले."

मग त्यांनी कागद चाकाजवळच्या पेटीवर ठेवला, वाकले आणि मोठ्यानं, बाजारातल्यासारखं ओरडले, "दोनशे पन्नास, सहाशे!" बाहेर उभी बाई वळून बघायला लागली. ओरडून झाल्यावर त्यांनी तोच आकडा लिहिला. लिहिताना डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं होतं. खाली सही केली आणि बाईला हाक मारून म्हणाले, "आधीच्या अर्जातला आकडा माझ्या हातून खोटा गेलाय. तोही खोडा. काय लिहून द्यायचं असेल ते देतो."

बाईनं दोन्ही कागद वाचले. हलक्या वर्गापुढच्या चौकटीत तिनं 'अपात्र' लिहिलं, आणि शेवटी शेरा लिहिला: वजन कमी करून पुढील भेटीत फेरतपासणी. शिक्का मारताना ती म्हणाली, "सोपं नव्हतं हे." कोणाला म्हणाली कळलं नाही. नवरा तर तिथं नव्हताच. तो रानाच्या पार टोकाला जाऊन पाठमोरा उभा होता.

रविवारी त्यानं कोणाशी शब्द काढला नाही. तीन पंपांची कामं उरकली आणि परत आल्यावरही हात न धुता शेडमध्ये बसून राहिला. मी ताट झाकून ठेवलं. मला राग आला होता, सगळ्यांचा. पाचव्या पानाचा, त्या बाईच्या भलेपणाचा, मामांच्या उशिरा आलेल्या खरेपणाचा. चाळीस वर्षांत एकदा खरं बोलायचं सुचलं ते नेमकं माझ्या नवऱ्याच्या वाट्याला. आणि तरी रात्री डोळा लागण्याआधी मनाशी कबूल केलं, की त्यांनी एकोणपन्नास लिहिले असते तर मी त्यांना पुन्हा कधी मामा म्हटलं नसतं.

सोमवारी उजाडताच ट्रॅक्टर आला. शेतमालकानं काही विचारलं नाही, त्याला सगळं कळलेलं होतं. वर्षभर धूळ आणि उंदरांपासून जपायचं म्हणून पंख काढून घराच्या पुढच्या खोलीत न्यायचे ठरले. नवऱ्यानं बोल्ट सोडले. डाव्या पंखाचं बुडाचं टोक त्यानं उचललं, आणि दुसरं उचलायला मला हाक मारण्याआधीच मामा खुर्चीवरून उठून तिथं जाऊन उभे राहिले होते. पंचाहत्तरीचा माणूस. मी पुढे झाले तर त्यांनी मानेनंच मला नको म्हटलं.

दोघं निघाले. मामा मागे, पावलं अडखळत होती. रानातून ट्रॅक्टरची धूळ येत होती. दारात वळण घ्यायला दोघं थांबले तेव्हा मामांनी धाप लागलेल्या आवाजात विचारलं, "जड जातंय का रे?"

नवऱ्यानं मागे वळून बघितलं नाही.

"सहाशे ग्रॅम," तो म्हणाला, आणि दारातून आत जाताना बापाच्या बाजूचं टोक हलकं व्हावं म्हणून त्यानं आपला हात पंखाखाली आणखी मागे सरकवला.